रेस्क्यू झाल्यावर टीमचे आभार कसे मानायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा लागला की सह्याद्रीत अपघात वाढतात आणि त्यानंतर थोड्या दिवसांनी ट्रेकिंगमधल्या आमच्यासारख्यांना मेसेज यायला लागतात, की दादा आमच्या भावाला त्या लोकांनी दरीतून काढलं, त्यांच्यासाठी काहीतरी करायचंय पण काय करावं तेच कळत नाहीये. प्रश्न साधारण तेच तेच असतात म्हणून सगळे एका ठिकाणी लिहून ठेवतोय. किल्ले, घाट, धबधबे, दऱ्या अशा ठिकाणच्या अपघातांबद्दल आहे हे, आणि मुख्यतः महाराष्ट्रातलं.

तेव्हा इतका गोंधळ होता की कोण कोण आलं होतं तेच आठवत नाही. आभार मानायचे तरी कुणाचे?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही, त्या अवस्थेत कुणालाच नावं लक्षात राहत नाहीत. साधारण साखळी अशी असते: सगळ्यात आधी पोचतात पायथ्याच्या गावातली माणसं. मग कुणीतरी ११२ ला किंवा पोलीस स्टेशनला फोन लावलेला असतो, किंवा थेट महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरच्या म्हणजे एमएमआरसीसीच्या हेल्पलाईनला, आणि ते लोक त्या भागातली सगळ्यात जवळची टीम कोणती हे बघून तिला कळवतात. मग टीम येते, कधी एक कधी दोन तीन. खाली १०८ ची अँब्युलन्स उभी असते, तिच्यात डॉक्टर असतात, आणि मग ग्रामीण रुग्णालय, तिथून पुढे मोठं हॉस्पिटल. मोठी घटना असेल तर अग्निशमन दल, वनखातं, एनडीआरएफ म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल पण.

शोधायचं असेल तर आधी आपला आणि बरोबरच्या लोकांचा त्या दिवशीचा कॉल लॉग बघा. त्या हद्दीच्या पोलीस स्टेशनला घटनेची नोंद असते, तारीख आणि ठिकाण सांगितलं की कुठली टीम आली होती ते सांगतात. गावातल्या पोलीस पाटलांना तर सगळंच माहीत असतं. आणि टीमच्या टीशर्टवर, हेल्मेटवर नाव असतं, कुणीतरी काढलेल्या एखाद्या फोटोत ते सापडतं.

रेस्क्यू टीमवाल्यांना पगार असतो ना? मग आभार कशाला?

बहुतेकांना नसतो, आणि हेच लोकांना माहीत नसतं. लोणावळ्याची शिवदुर्ग मित्र, खोपोलीची यशवंती हायकर्स, महाबळेश्वरची महाबळेश्वर ट्रेकर्स, मावळातली वन्यजीव रक्षक, या आणि अशा कितीतरी संस्था पूर्णपणे स्वयंसेवकांच्या जिवावर चालतात. म्हणजे कुणाचं दुकान आहे, कुणी कंपनीत शिफ्टला जातो, कुणी शिक्षक आहे, कुणी गाडी चालवतो. फोन आला की दुकान भावाच्या भरवशावर टाकून निघायचं, पेट्रोल बऱ्याचदा स्वतःचं, आणि सकाळी परत येऊन पुन्हा कामाला जायचं. अपघातग्रस्ताकडून ते फी घेत नाहीत.

एनडीआरएफ, पोलीस, अग्निशमन दल, १०८ चे डॉक्टर आणि ड्रायव्हर यांना पगार असतो हे खरं. पण पगार आहे म्हणून आभार नकोत हे मला पटत नाही. रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीला १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली तेव्हा वर जायला गाडीरस्ताच नव्हता, चिखलातून इर्शाळगडाची ती चढण पायी चढून जावं लागत होतं, मशीन वर नेता येत नव्हती म्हणून हातांनी माती उपसावी लागली, आणि मदतीला निघालेले नवी मुंबई अग्निशमन दलाचे एक अधिकारी त्या चढणीवरच हृदयविकाराच्या झटक्याने गेले. त्याच रात्री ट्रेकिंग संस्थांची पोरं पण अंधारात वर गेली होती. पगारी आणि बिनपगारी दोघं एकाच चिखलात होते.

एका रेस्क्यूमागे नेमकं काय काय असतं? आम्हाला फक्त वर काढलेलं दिसलं.

हे थोडं सविस्तर सांगतो, कारण एकदा हे समजलं की मदत कशी करायची ते आपोआप समजतं.

समजा कुणी कड्यावरून घसरून पन्नास साठ फुटांवर एखाद्या झाडाला किंवा कपारीला अडकलाय. टीम आधी वर अँकर लावते, म्हणजे मोठा खडक, झाड, किंवा खडकात ठोकलेले बोल्ट, आणि एकावर भरवसा न ठेवता दोन तीन ठिकाणी भार वाटून देतात. एक मुख्य रोप आणि एक बॅकअपचा. मग एक जण खाली उतरतो, त्याला पहिलं बघायचं असतं की माणूस शुद्धीवर आहे का, रक्त कुठून जातंय, मान आणि पाठीचा कणा ठीक आहे का. मान बांधायची, मोडलेला पाय फळीला बांधायचा, हार्नेस म्हणजे अंगाला बांधायच्या पट्ट्यात किंवा स्ट्रेचरमध्ये घ्यायचं, आणि हे सगळं पावसात, शेवाळलेल्या दगडावर. मग वरची माणसं पुली लावून ओढतात, किंवा खालून वाट असेल तर हळूहळू खाली सोडतात.

आणि वर काढलं म्हणजे संपलं असं नसतं, खरी दमणूक त्याच्यानंतर असते. स्ट्रेचर एका वेळी सहा ते आठ जणांना धरावं लागतं, दर थोड्या वेळाने हात बदलावे लागतात, म्हणजे लांबची वाट असेल तर वीसेक माणसं तरी हवीत. हरिश्चंद्रगडावरून खिरेश्वरकडे किंवा ढाकच्या जंगलातून रात्री स्ट्रेचर आणायचं म्हणजे एकट्याला जिथे तास लागतो तिथे चार चार पाच पाच तास जातात. त्यात पायाखाली निसरडं, हेडटॉर्चच्या उजेडात पुढच्याची टाच तेवढी दिसते. आपल्याला पेपरात एक ओळ वाचायला मिळते की ट्रेकरची सुखरूप सुटका.

पैसे द्यावेत का? हातात दिले तर चालतील?

स्पॉटवर कुणाच्या हातात नोटा कोंबू नका. प्रेमाने देताय हे कळतं त्यांना, पण ते अवघडतात, नाही म्हणावं लागतं आणि तुम्हाला वाईट वाटतं. शिवाय एका पोराच्या हातात दिले तर त्याने त्याचं काय करायचं, बरोबरचे वीस जण बघत असतात.

द्यायचे असतील तर संस्थेच्या नावाने द्या, बँक खात्यात, पावती घेऊन. आधी फोन करून विचारा की देणगी घेता का आणि खातं कुठलं, आणि खात्याचा नंबर संस्थेच्या माणसाकडूनच घ्या. हे मुद्दाम सांगतोय, कारण मोठी दुर्घटना झाली की व्हॉट्सअ‍ॅपवर मदतीच्या नावाने कुणाचेही क्यूआर कोड फिरायला लागतात.

किती द्यायचे? आमची परिस्थिती साधारण आहे.

जमेल तेवढे, आणि जमत नसेल तर शून्य. अगदी मनापासून सांगतोय. हॉस्पिटलचं बिल भरून घर टेकीला आलेलं असतं अशा वेळी रेस्क्यूवाल्यांच्या ऋणात आहोत म्हणून उसने काढून देणगी द्यायची काहीच गरज नाही, त्यांना कळलं तर त्यांनाच त्रास होईल. एक फोन करा. पुढे कधी हात मोकळा झाला तर बघा. वर्षातून एकदा थोडी रक्कम नियमित देणारी माणसं संस्थांना फार उपयोगी पडतात, कारण इन्शुरन्स, गाडीची दुरुस्ती, ट्रेनिंग हे खर्च दरवर्षीचे असतात, आणि देणग्या येतात त्या पेपरात बातमी आली की तेव्हाच.

पैशांपेक्षा रोप, स्ट्रेचर असं सामान घेऊन दिलं तर?

चांगली कल्पना, पण विचारल्याशिवाय काहीही विकत घेऊ नका. रेस्क्यूचा रोप म्हणजे हार्डवेअरच्या दुकानातला नायलॉनचा दोर नव्हे. त्यांना लागतो कमी ताणला जाणारा स्टॅटिक रोप, साधारण साडेदहा अकरा मिलिमीटर जाडीचा, ठरलेल्या स्टँडर्डचा शिक्का असलेला, आणि तो कधी बनवला, किती वेळा वापरला याची टीम नोंद ठेवते. जोराचा झटका बसला, कड्याच्या धारेवर घासला गेला, केमिकल सांडलं तर तो रोप बाद. नुसता पडून राहिला तरी काही वर्षांनी बाद करावा लागतो. त्यामुळे घरात पडलेला जुना क्लाइंबिंग रोप किंवा ऑनलाइन स्वस्तात मिळालेले कॅराबिनर, म्हणजे रोप अडकवायच्या कड्या, कौतुकाने नेऊन देऊ नका, ते घेऊन बाजूला ठेवण्यापलीकडे टीम काही करू शकत नाही, त्यावर माणसाचा जीव टांगायचा असतो.

त्यापेक्षा विचारा की आत्ता कशाची कमतरता आहे. उत्तर बऱ्याचदा साधं येतं. रिचार्जेबल हेडटॉर्च, चांगले रेनकोट, ग्लोव्ह्ज, पॉवर बँक, थर्मल ब्लँकेट, फर्स्ट एडचं सामान, वॉकीटॉकीच्या बॅटऱ्या. किंवा गाडीचे टायर! कुणी सांगितलं टायर हवेत तर टायर द्या, टीम वेळेत पोचते ती त्या गाडीनेच.

देणगीवर टॅक्समध्ये सूट मिळते का?

संस्थेकडे ज्याला सगळे ८०जी म्हणतात ती मान्यता असेल आणि तुम्ही जुन्या कर पद्धतीत रिटर्न भरत असाल तर मिळते. रोख २,००० रुपयांच्या वर दिलेत तर त्या रकमेवर सूट नाही, म्हणून बँकेतूनच द्या. पावतीबरोबरच देणगीचं प्रमाणपत्र पण संस्थेकडून मागून घ्या. छोट्या गावातल्या सगळ्या टीमकडे ही मान्यता असतेच असं नाही, पण नसली म्हणून टीम कमअस्सल ठरत नाही, त्यांचा वेळ कागदांपेक्षा डोंगरात गेलेला असतो इतकंच.

कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे समाजकार्यासाठी बाजूला काढलेल्या पैशातून, द्यायचं असेल तर संस्थेचं सीएसआर-१ रजिस्ट्रेशन लागतं, ते आधी विचारा.

मी अमेरिकेत असतो. माझ्या बाबांना राजमाचीच्या वाटेवरून उचलून आणलं. इथून पैसे पाठवू शकतो का?

तुमच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल तर हो, तुमच्या स्वतःच्या बचतीतून, नेहमीच्या बँकेमार्फत पाठवता येतात. परदेशी नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय कार्ड असलं तरी, तो पैसा कायद्याने परदेशी देणगी धरला जातो आणि तो घ्यायला संस्थेकडे एफसीआरएची म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची परवानगी लागते. लहान संस्थांकडे ती सहसा नसते. उगाच त्यांना अडचणीत टाकू नका. भारतातल्या भावाबहिणीने त्यांच्या स्वतःच्या पैशातून काय करायचं ते करावं, तुम्ही एक फोन करा. अमेरिकेतून मुलाने फोन केला याचं त्या लोकांना खूप अप्रूप वाटतं.

पोलीस, १०८ चे डॉक्टर, एनडीआरएफचे जवान यांना काय द्यायचं? गिफ्ट चालेल?

गिफ्ट नको, पैसे तर अजिबात नकोत. सरकारी नोकरांना भेटी घेण्यावर नियमांचं बंधन असतं, आणि तुमच्या चांगल्या हेतूमुळे एखाद्या हवालदाराला उद्या खुलासा द्यायला लागू शकतो.

त्यांच्यासाठी सगळ्यात मोलाचं म्हणजे त्यांच्या वरिष्ठांना लिहिलेलं पत्र. पोलिसांसाठी त्या स्टेशनच्या प्रभारी अधिकाऱ्यांना आणि एक कॉपी जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना. एनडीआरएफची पाचवी बटालियन पुण्याजवळ तळेगावच्या बाजूला सुदुंबऱ्याला आहे, महाराष्ट्रात येणाऱ्या तुकड्या बहुतेक तिथूनच येतात, तिथल्या कमांडंटच्या नावाने लिहा. १०८ साठी जिल्हा शल्यचिकित्सकांकडे पत्र दिलंत तर चालतं, अँब्युलन्सचा नंबर, तारीख, वेळ नक्की लिहा म्हणजे ड्युटीवर कोण होतं ते सापडतं. आणि अँब्युलन्सच्या ड्रायव्हरला विसरू नका, घाटातून पावसात पेशंटला न हादरवता खाली आणणारा तोच असतो आणि पत्रात फक्त डॉक्टरांचं नाव येतं.

तक्रारी रोज येतात या ऑफिसांमध्ये. कौतुकाचं पत्र क्वचित येतं, आणि कधी कधी ते फाईलला न लागता ज्याच्यासाठी आहे त्याच्या घरी फ्रेममध्ये लागलेलं असतं.

गावातल्या लोकांनी सगळ्यात आधी मदत केली. त्यांचं काय?

इथे मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण इथेच सगळ्यात जास्त विसरलं जातं.

पायथ्याच्या वाडीतले लोक, ठाकर असतील, कातकरी, महादेव कोळी, धनगर, त्यांना ती वाट अंधारात पण माहीत असते. शहरातून टीम निघून पोचेपर्यंत दोन तीन तास तरी जातात आणि तोपर्यंत तुमच्या माणसाजवळ कुणीतरी बसलेलं असतं, पाणी पाजत, धीर देत, कधी स्वतःची घोंगडी त्याच्या अंगावर घालून. बऱ्याचदा टीम यायच्या आधीच त्यांनी बांबूला चादर नाहीतर घोंगडी बांधून झोळी केलेली असते आणि अर्धी वाट उतरून पण आलेले असतात. मग कॅमेरे येतात, टीमचे फोटो निघतात, बातमी लागते, आणि हे लोक शेतावर निघून गेलेले असतात.

त्यांच्यापैकी बरेच जण रोजंदारीवर जगतात. तुमच्या माणसासाठी त्यांचा एक दिवस, कधी दोन दिवस बुडालेले असतात. इथे पैसे द्यायला माझी काही हरकत नाही, उलट द्यावेतच, पण रीतीने. गावात जा, जे जे आले होते त्यांची नावं पोलीस पाटलांना किंवा सरपंचांना विचारा, आणि त्या घरी जाऊन, बसून, चहा घेऊन, मोठ्या माणसाच्या हातात पाकिटात द्या, "तुमचा दिवस मोडला आमच्यासाठी" असं म्हणून. काही जण घेणार नाहीत. मग आग्रह धरू नका, पोरांसाठी वह्या पुस्तकं, घरात लागणारं काही, किंवा ज्याची घोंगडी रक्ताने खराब झाली त्याला नवी घोंगडी, हे नाही म्हणत नाहीत. वाडीतल्या शाळेला काय हवंय ते मास्तरांना विचारलंत तर अजून चांगलं.

आणि एक गोष्ट कायम करता येते. पुढच्या वेळी त्या भागात ट्रेकला गेलात, मित्रांना पाठवलंत, तर त्या गावातच जेवा, तिथलाच वाटाड्या घ्या, ठरलेले पैसे घासाघीस न करता द्या. पिठलं भाकरीचे दीडशे दोनशे रुपये जास्त आहेत म्हणून वाद घालणारे ट्रेकर बघितले की मला त्रास होतो, रात्री पाय मोडला तर ह्याच घरातली माणसं येणार असतात.

सत्कार करायचाय, शाल, श्रीफळ, हार. आवडेल का त्यांना?

करा ना, पण त्यांच्या सोयीने आणि छोटा. सोसायटीच्या गणपतीत बोलवायचं तर पावसाळ्यातले शनिवार रविवार टाळा, तेव्हा ते ड्युटीवर असल्यासारखेच असतात. सगळ्या टीमला बोलवा. फक्त अध्यक्षांना शाल घातली आणि जो दरीत उतरला तो मागे उभा आहे असं व्हायला नको. आणि सत्काराला स्थानिक पुढारी बोलावून भाषणं दोन तास चालवू नका. पेढे घेऊन त्यांच्या ऑफिसवर किंवा दुकानावर गेलात तर त्यांना जास्त मोकळं वाटतं असा माझा अनुभव आहे.

आमचा माणूस वाचला नाही. तरी आभार मानायचे का? आणि काय बोलायचं?

हा प्रश्न विचारणारी माणसं फार हळू आवाजात विचारतात. उत्तर असं, की हो, आणि तुमच्या फोनची त्यांना बाकी सगळ्यांच्या फोनपेक्षा जास्त गरज असते.

ज्या रेस्क्यूमध्ये माणूस जिवंत मिळत नाही त्यात पण कष्ट तेवढेच असतात, बऱ्याचदा जास्त. २८ जुलै २०१८ ला दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस आंबेनळी घाटात दरीत गेली तेव्हा महाबळेश्वर ट्रेकर्स आणि आजूबाजूच्या पोरांनी त्या खोल दरीत उतरून धुक्यात पावसात एकेक देह वर आणला. ३० जून २०२४ ला लोणावळ्याच्या भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली माणसं वाहून गेली, लहान मुलं होती त्यात, तेव्हा शिवदुर्गची टीम पाण्यात उतरून शोधत होती. १५ जून २०२५ ला मावळातल्या कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पडला, चार जण गेले, तिथे पण बाकीच्यांना बाहेर काढणारे आणि शेवटच्यांना शोधणारे हेच लोक. यातलं प्रत्येक काम घरच्यांना शेवटचं तोंड बघता यावं, विधी नीट व्हावेत, एवढ्यासाठी केलेलं असतं, आणि ते करणाऱ्याला नंतर झोप लागत नाही. मनात राहून जातं की अजून थोडं लवकर पोचलो असतो तर.

म्हणून दहावं तेरावं झालं, घर जरा सावरलं, की कुणीतरी एकाने फोन करा. घरातल्याच माणसाने करायला पाहिजे असं नाही, काका, मामा, मित्र कुणीही. एवढंच म्हणा, "तुमच्यामुळे तो घरी आला." त्याच्याबद्दल दोन गोष्टी सांगा, काय करायचा, कसा होता. त्यांनी त्याला फक्त त्या अवस्थेत बघितलेलं असतं. शेवटच्या क्षणांबद्दल तुम्हाला काही विचारायचं असेल तर विचारा, ते जपून सांगतील, पण तुमची ऐकायची तयारी झाल्यावरच विचारा, घाई नाही.

बरीच कुटुंबं वर्षश्राद्धाला त्या माणसाच्या नावाने टीमला काही देतात, एखादं स्ट्रेचर, लाईफ जॅकेटचा सेट, किंवा त्या धोक्याच्या जागी ग्रामपंचायतीला आणि वनखात्याला विचारून सूचनेचा बोर्ड.

चूक आमचीच होती, बंदी असताना गेलो होतो. तोंड कसं दाखवायचं?

खरं सांगू का, लोक आभार मानत नाहीत त्याचं मोठं कारण हेच आहे, कृतघ्नपणा नसतो तो, शरम असते. बातमीखाली कमेंटमध्ये लोकांनी काय काय लिहिलेलं असतं, मरायला जातात कशाला, यांच्याकडून पैसे वसूल करा, आणि ते सगळं वाचून माणूस गप्प होतो, नंबर असून फोन करत नाही. मग टीमला कळतच नाही की आपण उचललेला माणूस पुढे चालायला लागला की नाही.

टीमवाले पण रागावतात कधी कधी, आणि त्यांचा राग रास्त असतो, कारण त्या निसरड्या कड्यावर त्यांचा पण जीव होता. तो ऐकून घ्या. पण फोन करा. आणि जमलं तर नेमकं काय झालं ते खरं खरं सांगा, कुठली वाट चुकली, कुठे पाय घसरला, बोर्ड दिसला होता का, किती वाजले होते, मोबाईलला रेंज कुठपर्यंत होती. हे त्यांच्या फार कामाचं असतं. अमुक वळणावर लोक डावीकडे जातात आणि अडकतात हे दोघा तिघांनी सांगितलं की तिथे बाण रंगवता येतो, दोर लावता येतो. माफी मागताना इतकी माहिती दिलीत तर ती माफी पुढच्या माणसाच्या उपयोगी पडते.

टीम यायला खूप उशीर झाला. राग पण आहे आणि आभार पण मानायचेत.

दोन्ही एकत्र असू शकतं. जखमी माणसाजवळ बसलेल्याला अर्धा तास म्हणजे रात्र वाटते. पण फोन लागेपर्यंतचा वेळ, नेमकी जागा सांगताना झालेला घोळ, माणसं गोळा करणं, गाडीचा प्रवास, मग पायी चढण, हे सगळं मोजा. टीमच्या म्होरक्याशी शांतपणे बोला, वेळा सांगा. रेस्क्यूनंतर बहुतेक टीम आपापसात बसून बोलतात की काय चुकलं, त्यात तुमची बाजू आली तर बरंच. सोशल मीडियावर आधी लिहू नका.

फेसबुक, इन्स्टावर पोस्ट टाकली तर चालेल?

चालेल, विचारून. टीमचं नाव बरोबर लिहा, सगळ्या टीमची नावं लिहा, एकीचं लिहून दुसरी राहिली की उगाच मनं दुखावतात. गावाचं नाव लिहा. जखमी माणसाचे रक्ताचे, कपडे फाटलेले फोटो टाकू नका, मृतदेहाचे तर कुणाचेच नाहीत. आणि रेस्क्यूचा थरारक व्हिडिओ गाणं लावून रील करू नका, तो बघून पोरं तिथेच जातात, हे दर पावसाळ्यात होतंय. पोस्टमध्ये त्या जागेला धोका काय आहे ते एक वाक्य टाका.

स्पॉटवर, त्या क्षणी काय बोलावं?

काही नाही बोललात तरी चालतं. २०२२ च्या फेब्रुवारीत केरळात मलमपुळ्याला डोंगराच्या कपारीत दोन दिवस अडकलेल्या पोराला लष्कराने वर काढलं, तेव्हा त्याने जवानांना मिठ्या मारल्या, पापे घेतले, सगळ्या देशाने बघितलं ते. ज्याला जे येतं ते येऊ द्या. फक्त तेव्हा टीमचं काम चालू असतं हे लक्षात ठेवा. ते सांगतील तसं करणं, मध्ये न येणं, गर्दी मागे ठेवणं, हातातली टॉर्च द्यायला सांगितली तर देणं, हेच त्या वेळचे आभार. काम संपून सगळे खाली आले की त्यांनी काही खाल्लंय का विचारा. पाणी, चहा, बिस्किटं, जवळच्या हॉटेलात सांगून ठेवलेला वडापाव, रात्री दोन वाजता भिजून आलेल्या माणसाला हे खूप असतं.

पत्रात किंवा मेसेजमध्ये काय लिहू? मला लिहिता येत नाही.

मोठे शब्द नकोत. देवदूत वगैरे लिहिलं तर काही बिघडत नाही पण त्यांना जे हवं असतं ते वेगळं असतं, त्यांना पुढचं कळायला हवं असतं. साधारण असं लिहा:

"नमस्कार. अमुक तारखेला नागफणीच्या वाटेवर तुम्ही ज्याला आणलंत त्याची मी बहीण. त्याच्या पायात रॉड टाकलाय, आता वॉकर घेऊन घरातल्या घरात चालतो. डॉक्टर म्हणाले की पाय नीट बांधून आणला म्हणून वाचला. तुमच्यातले एक दादा रात्रभर त्याच्याशी बोलत होते, त्याला झोपू देत नव्हते, त्यांचं नाव आम्हाला कळलं नाही, पण तो रोज त्यांची आठवण काढतो. त्यांना सांगाल का. आई तुम्हा सगळ्यांना आशीर्वाद सांगते."

एवढं पुरे. पेशंट आता कसा आहे, एक ठळक आठवण, आणि ज्याने काही खास केलं त्याचा उल्लेख. टीम हा मेसेज आपल्या ग्रुपवर टाकते आणि तो दादा कुठेतरी शिफ्टवर असताना वाचतो.

खूप उशीर झालाय, दोन वर्षं होऊन गेली. आता फोन केला तर विचित्र वाटेल का?

नाही. तारीख आणि जागा सांगा, त्यांना लगेच आठवेल. उलट दोन वर्षांनी सांगायला जास्त असतं, लग्न झालं, नोकरी लागली, परत डोंगरात जायला लागला.

पैसे नाहीत, पण वेळ आहे. टीममध्ये येऊ का?

या, पण लगेच दरीत उतरायला मिळेल या हिशोबाने नको. आधी फर्स्ट एड आणि सीपीआरचं ट्रेनिंग घ्या, मग बेसिक माउंटेनियरिंगचा कोर्स, मग टीमबरोबर सरावाला जात राहा. दोरावर न जाता पण पुष्कळ कामं असतात, फोन सांभाळणं, नकाशावर जागा शोधणं, हॉस्पिटलमध्ये पेशंटबरोबर थांबणं, हिशोब ठेवणं, पावत्या बनवणं. हिशोब ठेवणारा माणूस मिळाला तर कुठलीही टीम खूश होईल. आणि पेशंट बरा झाल्यावर रक्तदान करू शकत असाल तर ते पण करा, दरीतून काढलेल्या माणसाला पुढे बाटल्या लागतातच.

टीमचं ब्लँकेट, हेल्मेट आणि एक हार्नेस आमच्याकडेच राहिलंय. काय करू?

लवकरात लवकर परत करा, हे सगळ्यात आधी. पेशंटबरोबर स्प्लिंट म्हणजे मोडलेल्या हाडाला बांधायची फळी, मानेचा कॉलर, कधी अख्खं स्ट्रेचर अँब्युलन्समधून हॉस्पिटलला जातं आणि तिथेच पडून राहतं, टीमला पुढच्या कॉलला ते मिळत नाही, आणि हॉस्पिटलमध्ये ते कुणाचं आहे हे कुणाला माहीत नसतं. कॅज्युअल्टीच्या सिस्टरना किंवा वॉर्डबॉयना विचारून शोधा. ब्लँकेटवरचं रक्त गार पाण्याने धुवा, गरम पाण्याने डाग पक्का होतो. हार्नेस आणि रोप मात्र मशीनमध्ये, पावडर किंवा ब्लीच घालून धुऊ नका, साध्या पाण्याने चिखल काढा, सावलीत वाळवा, आणि देताना सांगा की हे पेशंटच्या अंगावर होतं आणि असं धुतलंय, म्हणजे ते तपासून ठरवतील की पुन्हा वापरायचं की बाजूला ठेवायचं. कुरिअरपेक्षा स्वतः नेऊन दिलंत तर बरं, तेवढ्यात भेट पण होईल.